दोन्ही घरचा पाहुणा

सन २०२४ च्या कार्तिकात तुळशीचे लग्न नुकतेच आटोपले होते. अंगणातील उसाचा मांडव अजून काढावयाचा होता, तोच आमचे धाकटे बंधू आगाऊ काही न कळविता छत्रपती संभाजीनगराहून धारूरच्या घरी येऊन दाखल झाले. बंधू यावयाचे असले म्हणजे आधी फोन करितात, बस कोणत्या बाजूने येणार ते सांगतात, आणि उंबरठा ओलांडताच वाड्याच्या पडलेल्या भिंतीचा विषय काढितात. त्या दिवशी यांपैकी काहीच झाले नाही. हातपाय धुऊन ते देवघरासमोर बसले व म्हणाले, ‘‘दादा, एका मुहूर्ताविषयी विचारावयाचे आहे, पण तो निघू नये असे मनात आहे.’’

हकीकत अशी. बंधूंचे चिरंजीव वीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त टोरांटोस गेले. त्यांची कन्या, म्हणजे आमची नात, त्या वेळी सहा वर्षांची होती. पुढे ती तेथलीच झाली. कॅनडाचे नागरिकत्व घेतले, भारताचा पासपोर्ट रीतीप्रमाणे परत केला. मराठी मात्र विसरली नाही. आम्हांस ‘मोठे आजोबा’ म्हणते, आणि रामरक्षा म्हणताना ज्या दोन ठिकाणी चुकते त्या ठिकाणी आजही चुकते. सन २०२३ मध्ये तिने तिकडेच विवाह केला. मुलगा इराणातील शिराझ नगरीचा. शिकण्यासाठी कॅनडात आला आणि तेथील नागरिक होऊन राहिला. विवाहाच्या वेळी घरात काय काय बोलणे झाले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलगा सालस निघाला आणि घरातील बोलणे आपोआप थांबले, एवढे पुरे आहे. व्हिडिओ कॉलवर तो आमच्याशी ‘दरवाजा’, ‘कारखाना’, ‘पनीर’ असे शब्द शोधून शोधून बोलतो आणि हे तुमचे की आमचे, असे विचारून हसतो. ज्या गावाचे नाव मोगलांनी फतेहाबाद ठेविले आणि ज्याच्या किल्ल्यावर आदिलशाही, निजामशाही, मोगल अशा सगळ्यांनी हक्क सांगितला, त्या गावच्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे!

तर नातजावयाची आई शिराझला असते. वडील सन २०१९ मध्ये वारले. त्या वेळी मुलाचे जाणे झाले नाही. आईने सूनमुख प्रत्यक्ष पाहिलेले नाही. त्यांचे नववर्ष, ज्यास ते नवरोज म्हणतात, वसंतसंपाताच्या दिवशी येते. सन २०२५ च्या नवरोजास दोघांनी शिराझला जावे असे घाटत होते, आणि आमच्या नातीने मोठ्या उत्साहाने ‘‘मोठ्या आजोबांना प्रस्थानाचा दिवस विचारा’’ असे कळविले होते. तिकडे सर्वांस आनंद; काळजी काय ती एकट्या बंधूंना, कारण त्यांनी वर्तमानपत्रात काहीबाही वाचले होते.

‘‘अहो, तिच्याजवळ कॅनडाचा पासपोर्ट आहे,’’ आमच्या भावजयीने फोनवर सांगितले. ‘‘आणि लग्न झाल्यामुळे इराणचाही मिळेल म्हणतात. एक नाही चालला तर दुसरा चालेल. दोन असले तर वाईट कसे?’’

हे ‘दोन असले तर वाईट कसे’ आमच्या मनात घर करून बसले. प्रथमदर्शनी त्यात चूक दिसत नाही. दोन छत्र्या एकीपेक्षा बऱ्या, दोन विहिरी एकीपेक्षा बऱ्या. मग ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी काय म्हणून केली असावी?

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापलीकडे जे काही मिळाले ते एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या पायांशी बसून. कायद्याचा आमचा अभ्यास नाही. परंतु त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या धर्मशास्त्रातील एक जुना विषय आठवला. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस ‘द्व्यामुष्यायण’ हा शब्द ठाऊक असेल. दत्तक मुलगा एरवी जन्मदात्याच्या कुळातून निघून जातो; त्याचे गोत्र बदलते, जन्मघरच्या श्राद्धाचा व दायाचा अधिकार संपतो. परंतु द्व्यामुष्यायण हा दोन्ही पित्यांचा पुत्र. दोघांचे श्राद्ध करावयाचे, दोघांच्या इस्टेटीत भाग घ्यावयाचा. एका भावास एकच मुलगा आणि दुसरा निपुत्रिक, अशा घरात ही तोड काढीत असत. सन १९५६ च्या दत्तक कायद्यानंतर तो प्रकार मागे पडला. आता तरुण वकिलांसही शब्द समजावून सांगावा लागतो.

भारताचे नागरिकत्व हे साध्या दत्तविधानासारखे आहे. राज्यघटनेचे नववे कलम आणि सन १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा यांचे म्हणणे एकच: दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वखुषीने घेतलेत, तर आमचे संपले. सन २००५ पासून ज्यास ओसीआय म्हणतात ते एक कार्ड परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांस मिळते आणि पुष्कळ घरांत त्यास ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात. पण ते तसे नव्हे. त्याने मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. माहेरवाशिणीस माहेरी येण्याजाण्याची मोकळीक असावी, तेवढीच ती सवलत. कॅनडाचे तसे नाही. तुम्ही आणखी कोणाचे पुत्र आहात याची तो देश चौकशी करीत नाही. म्हणून आमचा नातजावई कॅनडाच्या दृष्टीने पूर्ण कॅनेडियन आणि इराणच्या दृष्टीने पूर्ण इराणी, असा खरा द्व्यामुष्यायण ठरतो.

येथवर विचार आला आणि आम्ही अंथरुणात उठून बसलो. कारण द्व्यामुष्यायण होण्यास एक अट असे. दोन्ही पित्यांनी समक्ष बसून ‘हा आपणा दोघांचा’ असा करार केला पाहिजे. तो करार नसेल तर मुलगा एकाचाच. आता या दुहेरी नागरिकत्वात तसा करार कोठे आहे? कॅनडाने आपल्या मनाने त्यास आपला म्हटले; इराणने आपल्या मनाने त्यास आपला म्हटले; दोन पिते एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत. किंबहुना कॅनडाने तेहरानमधील आपला वकिलातीचा दरवाजा सन २०१२ च्या सप्टेंबरातच लावून घेतला आहे. इराणचा कायदा तर स्पष्टच आहे: आमचा तो आमचा, त्याने दुसरीकडे काय मिळविले ते आम्ही ओळखीत नाही. त्याने आमच्याच पासपोर्टावर आत यावे आणि आमच्याच पासपोर्टावर बाहेर जावे. शिवाय परकी स्त्री इराणी पुरुषाशी विवाह करील तर तीही इराणी समजावी, असे त्यांचा दिवाणी कायदा सांगतो. म्हणजे आमची पुण्यात जन्मलेली, टोरांटोत वाढलेली नात तेहरानच्या विमानतळावर उतरताच, तिला विचारल्यावाचूनच, त्यांची झाली! आणि विवाहित स्त्रीस पासपोर्ट मिळण्यास पतीची संमती लागते, हेही त्याच पोटात आले.

दुसरे दिवशी बंधूंनी आपल्या मोबाईलवर व आम्ही चष्मा पुसून त्यांच्या शेजारी बसून, असे जे झाले आहे ते पाहिले. ते वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज अशा देशांत आहेत की जेथे जगाच्या कानाकोपऱ्यातील लोकांशी सोयरिकी होतात.

झहरा काझेमी नावाची बाई जन्माने शिराझचीच. ती कॅनडाची नागरिक होऊन छायाचित्रकार म्हणून नावारूपास आली. सन २००३ च्या जूनमध्ये तेहरानच्या एव्हिन तुरुंगाबाहेर छायाचित्रे घेत असता तिला पकडले. तीन आठवड्यांच्या आत ती कैदेतच मेली. तिचा मुलगा कॅनडात. आईचा देह इकडे पाठवा म्हणून त्याने आकांत केला. कॅनडा सरकारने मागणी केली. इराणने तिला शिराझमध्ये पुरले. आमची स्त्री, आमची माती. पुढे मुलाने कॅनडाच्या न्यायालयात इराणवर दावा लाविला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सन २०१४ मध्ये तेथेही असाच निकाल झाला की परकी राज्यसत्ता येथील न्यायासनासमोर खेचता येत नाही. पुत्रास आईचे और्ध्वदेहिकही आपल्या हातांनी करता येऊ नये, हे वाचून आम्ही मोबाईल बाजूस ठेविला आणि बराच वेळ अंगणात फेऱ्या घातल्या.

नाझनीन झाघरी-रॅटक्लिफ ही ब्रिटनची व इराणची अशी दुहेरी नागरिक. सन २०१६ च्या एप्रिलमध्ये माहेरी नवरोज करून लंडनला परतताना विमानतळावरच पकडली गेली. कडेवर दोन वर्षांचीही पुरती न झालेली मुलगी. मुलीचा ब्रिटिश पासपोर्ट काढून घेतला. मूल साडेतीन वर्षे आजोळी राहिले. बाई सुटली ती सन २०२२ च्या मार्चमध्ये, आणि तीही ब्रिटनने चाळीसएक वर्षांपूर्वीच्या रणगाड्यांच्या व्यवहारातील सुमारे ३९ कोटी पौंडांचे देणे फेडले तेव्हा. मधल्या काळात ब्रिटनने तिला आपले राजनैतिक संरक्षण जाहीर केले होते. इराणने म्हटले, आमच्या नागरिकास तुमचे संरक्षण कसले?

आणि यात इराणची बाजू अगदीच पोकळ नाही, हे आम्हांस नवे कळले. हेग येथे सन १९३० मध्ये राष्ट्रांनी नागरिकत्वासंबंधी जो करार केला, त्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा की, एखादा मनुष्य ज्या दोन राज्यांचा नागरिक आहे त्यांपैकी एकाने दुसऱ्याविरुद्ध त्याची बाजू घेऊ नये. म्हणजे तुमचा दुसरा कागद साऱ्या जगात चालेल. फक्त ज्या एका ठिकाणी त्याची गरज पडावी, त्याच ठिकाणी चालणार नाही. जेथे राजा कायद्याने बांधलेला आहे तेथे यावाचून काही अडत नाही. फ्रान्स व कॅनडा या दोहोंचा नागरिक असलेला मनुष्य पॅरिसला गेला तर त्यास भीती कशाची? पण जेथे पकडण्यास कारण लागत नाही आणि सोडण्यास किंमत लागते, तेथे असा मनुष्य म्हणजे हाती आयते आलेले नाणे होय.

सियामक नमाझी यांची गोष्ट तर कुटुंबवत्सल माणसाने वाचूच नये अशी आहे. अमेरिकेचे व इराणचे नागरिक. सन २०१५ च्या ऑक्टोबरात अटक झाली. त्यांस भेटावे म्हणून ऐंशीच्या घरात आलेले वडील, युनिसेफमधील निवृत्त अधिकारी, इराणला गेले. त्यांसही सन २०१६ च्या फेब्रुवारीत पकडले. मुलगा सुटला तो सन २०२३ च्या सप्टेंबरात.

हे एका इराणचेच आहे असेही कोणी समजू नये. चीनही दुसरे नागरिकत्व मानीत नाही. स्वीडनचे नागरिक झालेले पुस्तकविक्रेते ग्वी मिनहाय सन २०१५ मध्ये थायलंडातून नाहीसे झाले ते चीनच्या कोठडीत प्रगटले, आणि सन २०२० मध्ये त्यांस दहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा न्यायालयाने वर हेही सांगितले की या गृहस्थाने आपले चिनी नागरिकत्व परत मागून घेतले आहे! रशियात क्सेनिया कारेलिना ही अमेरिकन-रशियन तरुणी आई-वडिलांस व वृद्ध आजीस भेटावयास गेली. युक्रेनच्या मदतीस तिने पूर्वी पन्नासएक डॉलर दिले होते, तेवढ्यावर सन २०२४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा. सन २०२५ च्या एप्रिलमध्ये ती कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. आजीस भेटावयास जाणे हा किती साधा हेतू! पाहावे तर बहुतेक सारे अशाच कामांसाठी गेलेले. ज्यास जाण्याचे कारण नाही तो जातच नाही. सापडतो तो ज्याची आई तेथे आहे.

आपल्याकडे असे कोठे झाले, असे बंधूंनी विचारले. आम्ही म्हटले, गोमंतकात झाले. तेलो मास्कारेन्यश हे गोव्याचे लेखक व स्वातंत्र्यसैनिक. सन १९५९ मध्ये पोर्तुगीजांनी त्यांस पकडून पोर्तुगालच्या तुरुंगात ठेविले. सन १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. सन १९६२ च्या नागरिकत्वाच्या आदेशाने गोव्यात जन्मलेले लोक भारताचे नागरिक झाले. परंतु सालाझारच्या दृष्टीने गोवा पोर्तुगालचाच आणि गोवेकर पोर्तुगालचेच. आपले सार्वभौमत्व त्या देशाने मान्य केले ते सन १९७४ च्या शेवटच्या दिवशीच्या करारात. मधली सगळी वर्षे एकाच मनुष्यावर दोन राज्ये ‘आमचा’ म्हणून हात ठेवून होती, आणि ज्याच्या हाती किल्ली त्याचा हक्क खरा. मास्कारेन्यश सुटले सन १९७० मध्ये. उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर गोष्ट एकांगी होईल. त्याच आदेशाने दिलेल्या मुदतीत फादर मोंतेरो नावाच्या गोवेकर धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्वच ठेवण्याचे लिहून दिले. मग जन्मभूमीत राहण्याचा त्यांचा परवाना संपला आणि परकीय म्हणून खटला झाला. तो सन १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते हरले. एकच कागद ठेवला तरी मनुष्य सुखी होतो असे नाही.

‘‘गोव्यापर्यंत कशाला जाता?’’ आतून आमच्या सौभाग्यवतीचा आवाज आला. ‘‘मामंजींचे काय झाले ते सांगा की.’’

मामंजी म्हणजे आमचे वडील. त्यांच्याविषयी आम्ही आजवर लिहिले नाही. बंधूंशीही या विषयावर आमचे फारसे बोलणे नाही. कारण ज्याने भोगले त्यानेच उभ्या आयुष्यात दोनचार वेळांपलीकडे ते सांगितले नाही.

वडिलांचा जन्म सन १९२२ चा, याच वाड्यातला. म्हणजे जन्माने निजामाची रयत. शिक्षणासाठी ते सोलापुराकडे गेले आणि पुढे बार्शीस एका शाळेत मास्तर झाले. तरुण वाचकांस हे सांगावे लागेल की धारूर आणि बार्शी यांच्यामध्ये त्या वेळी राज्याची सीमा होती. केज, कळंब, येरमाळा येथवर निजामाचा मुलूख. त्यापलीकडे बार्शी इंग्रजांची. मध्ये करोडगिरीचे नाके. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. साधारण सात हालीचे सहा कलदार मिळत. दोन खिशांत दोन प्रकारचे पैसे ठेवणे ही त्या काळच्या लोकांची नित्याची सवय होती, आणि दोन राज्यांत दोन पाय ठेवणेही. सन १९४७ च्या ऑगस्टमध्ये बार्शी स्वतंत्र भारतात गेली. धारूर निजामाकडेच राहिले. नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला, पण सीमेवर जैसे थे असे काहीच नव्हते. रझाकारांच्या भीतीने खेडीच्या खेडी बार्शी-सोलापुराकडे निघून आली होती.

सन १९४८ च्या वैशाखात निरोप आला की आजी फार आजारी आहे. रात्रीचे आडवाटेने जाणारे-येणारे पुष्कळ होते. वडिलांनी उघड जाण्याचे ठरविले. कारण त्यांच्याजवळ कागद होते. मुख्याध्यापकांचे पत्र होते की हे गृहस्थ बार्शीचे रहिवासी असून शाळेत शिक्षक आहेत. बार्शीचे रेशनकार्ड होते. आपण आता हिंदुस्थानचे, आपण राजकारणात नाही, आपल्यास कोण काय करणार, असा त्यांचा भाबडा हिशेब. कागद नसते तर ते रात्री शेतांतून गेले असते आणि कदाचित पोहोचलेही असते.

नाक्यावरील अंमलदार उर्मट नव्हता, हे वडील आवर्जून सांगत. त्याने बसावयास खाट दिली, पाणी दिले, कागद उलटसुलट पाहिले आणि जन्म कोठला ते विचारले. वडिलांनी धारूर सांगितले. तेव्हा तो अत्यंत अदबीने म्हणाला, ‘‘मास्टरसाहब, आप ग़ैर होते तो यहीं से लौटा देते. आप तो हमारे हैं.’’

परका असता तर परत पाठविला असता. आमचा आहेस, म्हणून ठेवून घेतो! वडिलांनी हे वाक्य ज्या ज्या वेळी सांगितले त्या त्या वेळी ते थोडेसे हसले, आणि ते हसणे आम्हांस कधी आवडले नाही. भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुनशी त्या वेळी हैदराबादेत बसलेले होते. परंतु धारूरात जन्मलेल्या मास्तरासाठी त्यांनी निजामापाशी कोणत्या नात्याने शब्द टाकावयाचा होता? वडील जवळजवळ चार महिने कैदेत राहिले. आजी आषाढात गेली. सप्टेंबरात पोलिस कारवाई होऊन सतरा तारखेस निजाम शरण आला, त्यानंतर काही दिवसांनी वडील सुटून या घरी आले. तेव्हा वाड्याच्या चौकात आजीची रिकामी बाज उभी करून ठेविलेली होती. ते रेशनकार्ड अजून आमच्या पेटीत आहे.

ही हकीकत ऐकून बंधू म्हणाले, ‘‘मग दादा, ठरलेच. जाऊ नको म्हणून तुम्हीच लिहा. तुमचे ती ऐकते.’’

आम्ही लिहावयास बसलोही. नातजावयास सक्तीच्या सैनिकी सेवेचा प्रश्न निघू शकेल, कॅनडा सरकार स्वतःच आपल्या नागरिकांस तिकडचा प्रवास टाळण्यास सांगते, वकिलात नाही, असे सर्व मुद्दे अनुक्रमाने मांडून दोन पाने झाली. सौभाग्यवतीने ती वाचून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘मामंजी त्या वेळी गेले हे चुकले, असे तुम्हाला वाटते का?’’

वाचकहो, आमच्याने उत्तर देववेना. हा प्रश्न आम्ही लहानपणापासून मनात बाळगून आहोत. गेले म्हणून ते आईस भेटू शकले नाहीत. पण बार्शीस सुखरूप राहिले असते तरीही भेटू शकले नसतेच. आणि मग आपण निघालो होतो एवढेही त्यांच्यापाशी राहिले नसते. त्या पोराची आईही शिराझला एकटी आहे, तिने बापाच्या मागे पाच वर्षे मुलास पाहिले नाही. दोन पाने कायदा लिहून तिला आम्ही काय सांगणार होतो?

शेवटी ते पत्र फाडले आणि व्हिडिओ कॉल लाविला. आयुष्यभर मुलांस शिकविताना एक गोष्ट कळली आहे की निषेध सांगण्याऐवजी घडलेले सांगावे. आम्ही नातीस मुहूर्ताविषयी चकार शब्द न काढता पणजोबांची हकीकत सांगितली, नाक्यापासून बाजेपर्यंत. रेशनकार्ड पेटीतून काढून कॅमेऱ्यासमोर धरिले. ती नवऱ्यास इंग्रजीत सांगत होती. अंमलदाराचे ते उर्दू वाक्य मात्र तिला सांगावे लागले नाही. नातजावयाने ते थेट ऐकले. ‘‘हमारे,’’ तो हळूच म्हणाला. मग खिडकीकडे पाहत बसला. त्यास काझेमी, झाघरी ही सारी नावे आमच्यापेक्षा किती तरी अधिक ठाऊक होती. माहीत नव्हते असे नाही. आईपुढे ते बोलण्याचे धैर्य त्याला होत नव्हते.

‘‘आजोबा,’’ नात म्हणाली, ‘‘त्या इकडे येऊ शकत नाहीत. कॅनडाचा व्हिसा मिळायला त्यांना फार अडचणी आहेत. आणि आम्ही तिकडे जायचे नाही. मग?’’

‘‘पणजोबांच्या वेळी,’’ सौभाग्यवती आमच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली, ‘‘येरमाळ्याच्या अलीकडे कोणाच्या तरी शेतात आजींना गाडीतून आणून भेट करवता आली असती. पण कोणाला सुचले नाही.’’

नातीस मात्र सुचले. आर्मेनिया हा देश इराणच्या उत्तर सीमेस लागून आहे. इराणी लोकांस तेथे व्हिसावाचून जाता येते आणि कॅनडाच्या लोकांसही तेथे जाण्यास अडचण नसते. सन २०२५ च्या नवरोजास सासूबाई धाकट्या मुलीस बरोबर घेऊन येरेवानला आल्या, आणि ही दोघे टोरांटोहून तेथे गेली. आठ दिवस एका भाड्याच्या घरात चौघे राहिली. सासूबाईंच्या गुडघ्यांस तो प्रवास सोसला नाही. निम्मे दिवस त्या पलंगावरच होत्या. नातीने त्यांना पुरणपोळी करून घातली, ती त्यांना अतिशय गोड लागली, असे नातजावयाने कळविले. हा अभिप्राय चांगला की वाईट याचा निर्णय आमच्या घरात अद्याप झालेला नाही. प्रस्थानाचा दिवस आम्ही काढून दिला होता. पंचांगात तो तितकासा बरा नव्हता, हे आता सांगावयास हरकत नाही.

बापाची कबर मुलाने अजून पाहिलेली नाही. पुढे जूनमध्ये इस्राएल व इराण यांचे बारा दिवस युद्ध झाले, तेव्हा टोरांटोहून शिराझचा फोन लागेना. तो रात्र रात्र मोबाईल समोर ठेवून बसे आणि नात आम्हांस इकडे सकाळी फोन करी. बोलण्यासारखे काही नसे. फोन लागला तो तेराव्या की चौदाव्या दिवशी. सासूबाई ठीक होत्या, खिडकीच्या काचा गेल्या होत्या.

येरेवानला निरोप घेताना त्यांनी सुनेच्या हाती एक पुडी दिली. शिराझच्या घराच्या अंगणात नवऱ्याने लाविलेले नारिंगाचे झाड आहे, त्याची वाळविलेली फुले. त्यांतली अर्धी नातीने आम्हांस पाठविली. ती चहात घालावयाची असतात असे लिहिले आहे. पुडी देवघरात पेटीशेजारी आहे. सौभाग्यवती चहात घालू देत नाही.